दशांशांना कात्री कधी लावायची?

दहावीच्या त्रिकोणमितीत हमखास भेटणारे एक उदाहरण घेऊ. एका मनोऱ्याच्या पायथ्यापासून ९० मीटर अंतरावर उभे राहून पाहिले, तर टोकाचा उन्नत कोन ३० अंशांचा होतो. मनोऱ्याची उंची किती? शेजारी कंसात छापलेले असते : √३ = १.७३.

टॅन ३०° म्हणजे १/√३. तेव्हा उंची आली ९०/√३ मीटर. इथपर्यंत सगळ्या वर्गाचे एकमत असते. मग एक मुलगी ९० ला सरळ १.७३ ने भागते आणि तिला ५२.०२ मिळतात. तिच्या शेजारचा मुलगा आधी छेदाचे परिमेयीकरण करतो, त्याला ३०√३ मिळतात, ३० ला १.७३ ने गुणून तो ५१.९० लिहितो. दोघांची रीत बरोबर आहे, भागाकारात चूक नाही, गुणाकारातही नाही. तरी एकाच मनोऱ्याच्या दोन उंची झाल्या आणि त्यांच्यात बारा सेंटिमीटरचा फरक पडला. खरी उंची आहे ५१.९६ मीटर, म्हणजे दोघांच्याही उत्तरांच्या मधोमध.

असे का झाले ते समजायला सोपे आहे. √३ ची किंमत १.७३२०५०८... अशी न संपता पुढे जाते. १.७३ ही तिच्यापेक्षा थोडी कमी आहे. कमी संख्येने भागले की उत्तर फुगते, कमी संख्येने गुणले की उत्तर आटते. दोघांनी एकच तूट वापरली, पण एकाने ती छेदात ठेवली आणि दुसऱ्याने अंशात. मुलाचे उत्तर सहा सेंटिमीटरने चुकले, मुलीचेही जवळपास तितकेच, फक्त उलट दिशेला.

शाळेत राउंड कसे करायचे ते चौथी-पाचवीतच शिकवतात. पुढचा अंक पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा, चारपर्यंत असेल तर सोडून द्या. जवळच्या दहापर्यंत, जवळच्या शंभरापर्यंत, दोन दशांश स्थळांपर्यंत आसन्न मूल्य काढण्याची भरपूर उदाहरणे सोडवून घेतात. कधी राउंड करायचे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा मुलांवरच सोपवलेला असतो. आणि बरेचसे नुकसान 'कसे'पेक्षा 'कधी' चुकल्याने होते.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवावा, करणी करणीच ठेवावी, π ला π च म्हणावे, आणि हे शेवटच्या पायरीपर्यंत पाळावे. १/३ च्या जागी ०.३३ लिहून त्याची तिप्पट केली की ०.९९ होतात, एकातला शंभरावा भाग हवेत विरतो. १/३ तसाच ठेवला तर तीन तीनला छेदून जातात आणि १ हातात येतो. असा चोख मामला मध्येच दशांशात उतरवण्याची घाई कशाला? मुले ती घाई करतात, कारण दशांश दिसला की काहीतरी उत्तर आल्यासारखे वाटते आणि ९०/√३ हे अर्धवट राहिल्यासारखे. शिक्षकांनी हा गैरसमज मुद्दाम काढून टाकायला हवा. ३०√३ मीटर हे पुरते उत्तर आहे, ५१.९ पेक्षा अधिक खरे.

π च्या बाबतीत तर प्रश्नपत्रिका स्वतःच दोन वाटा देते. कधी २२/७ घ्या म्हणते, कधी ३.१४. सात सेंटिमीटर त्रिज्येची, दहा सेंटिमीटर उंचीची वृत्तचिती घेतली, तर घनफळ ४९०π घन सेंटिमीटर. २२/७ ने ते १५४० येते, ३.१४ ने १५३८.६. खरी किंमत १५३९.३८ च्या आसपास. दशांश चिन्ह असलेली किंमत अधिक नेमकी असणार असे अनेकांना वाटते, पण इथे अपूर्णांकच सरस ठरतो : २२/७ मधली चूक सुमारे ०.००१३ आहे आणि ३.१४ मधली ०.००१६. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असल्याचे सांगितले, म्हणजे π ची किंमत ३.१४१६ दिली, आणि तीही 'आसन्न' आहे हे सोबत नोंदवले. किंमत देताना ती जवळची आहे हे सांगायला तो विसरला नाही, याचे महत्त्व मोठे आहे.

आता असे उदाहरण पाहू, जिथे घाईने राउंड केल्यास सहा सेंटिमीटर नाही, अख्खी वस्तूच हरवते. 'महत्त्वमापन' या प्रकरणात पोकळ नळीची गणिते असतात. समजा, पोलादी नळीची बाहेरची त्रिज्या ५.०४ सेंटिमीटर, आतली ४.९६ सेंटिमीटर, लांबी एक मीटर. धातू किती लागला? एखाद्याने सोपे जावे म्हणून दोन्ही त्रिज्या एका दशांश स्थळापर्यंत राउंड केल्या. दोन्ही ५.० झाल्या. वजाबाकी शून्य, धातू शून्य, नळीला भिंतच उरली नाही. त्रिज्या तशाच ठेवून त्यांचे वर्ग पूर्णांकात राउंड केले, तरी २५ वजा २५, पुन्हा शून्य.

खरे गणित फार अवघड नाही. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र वापरले, तर (५.०४ − ४.९६) गुणिले (५.०४ + ४.९६), म्हणजे ०.०८ गुणिले १०, म्हणजे नेमके ०.८. याला ३.१४ ने आणि शंभर सेंटिमीटर लांबीने गुणले की २५१.२ घन सेंटिमीटर. पोलादाची घनता ७.८५ धरली तर जवळजवळ दोन किलो माल. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी करताना हे नेहमी होते. मोठे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि आपण ज्यांना किरकोळ समजून कापले, त्या शेवटच्या अंकांतच सगळे उत्तर दडलेले असते. वजाबाकी समोर दिसली की राउंड करण्यापूर्वी दोनदा थांबावे, हे मुलांना वेगळे सांगायची गरज आहे. बेरजेत आणि गुणाकारात इतका मोठा घोटाळा सहसा होत नाही.

तरी बेरीज अगदी निरुपद्रवी आहे असेही नाही. चूक लहान असली, तरी ती हजारो वेळा एकाच दिशेने झाली की काय होते, याचा धडा कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या शेअर बाजाराने गिरवला. जानेवारी १९८२ मध्ये या बाजाराने नवा निर्देशांक सुरू केला आणि त्याची सुरुवातीची किंमत ठेवली १०००. प्रत्येक सौद्यानंतर संगणक निर्देशांक नव्याने काढायचा, दिवसाला सुमारे तीन हजार वेळा. हिशेब चौथ्या दशांश स्थळापर्यंत व्हायचा, पण साठवताना संगणक तीनच स्थळे ठेवायचा. चौथा अंक राउंड न करता तो सरळ छाटून टाकायचा. ५२४.८११९ आले तरी ५२४.८११ च. एका वेळेला सरासरी अर्ध्या सहस्रांशाची घट, ती कुणाच्या लक्षात येणार! पण पुढचा हिशेब याच छाटलेल्या आकड्यावरून सुरू व्हायचा. बाजार बरा चालला असताना निर्देशांक मात्र महिन्याला वीस-पंचवीस अंकांनी उतरत राहिला. नोव्हेंबर १९८३ मधल्या एका शुक्रवारी तो ५२४.८११ वर बंद झाला. शनिवार-रविवारी दुरुस्ती झाली आणि सोमवारी तोच निर्देशांक १०९८.८९२ वर उघडला.

इथे लक्षात घेण्यासारखे दोन मुद्दे आहेत. छाटणे आणि राउंड करणे यांत फरक आहे. राउंड करताना कधी थोडे वर जाते, कधी थोडे खाली, आणि लांबच्या हिशेबात बऱ्याच चुका एकमेकींना भरून काढतात. छाटताना मात्र प्रत्येक वेळी खालीच जायचे असते. दुसरा मुद्दा असा की, कापलेले उत्तर पुढच्या पायरीचा कच्चा माल म्हणून वापरले गेले. पडद्यावर तीनच स्थळे दाखवून आत सगळे अंक जपले असते, तर यातले काहीच घडले नसते.

भारतातही अशा हिशेबाचा एक मोठा प्रयोग सगळ्या जनतेवर झाला होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. त्यामुळे सुट्या आण्याचे सहाच नवे पैसे व्हायचे. तीन आण्यांचे खरे तर १८.७५, म्हणून १९. चार आण्यांचे नेमके २५. आता एकेक आणा सुटा करून सोळा वेळा बदलला तर हातात येणार ९६ नवे पैसे, आणि तेच सोळा आणे एकदम मोजले तर पूर्ण शंभर. आधी बेरीज करा, मग बदला, हे त्या काळी अनेकांना नाणी मोजता मोजताच उमगले असेल. आजच्या किराणा दुकानाच्या छापील बिलातही 'राउंड ऑफ' ही ओळ अगदी शेवटी, एकूण रकमेच्या खाली असते ती याचसाठी. ४७ रुपये ५० पैशांच्या दहा वस्तू घेतल्या तर बिल ४७५ रुपये. प्रत्येक वस्तूला ४८ लावले तर ४८०.

राउंड शेवटी करायचे, आणि एकदाच. दुसरी अट बरेचजण विसरतात. २.४४६ ही संख्या एका दशांश स्थळापर्यंत हवी असेल तर उत्तर २.४. पण आधी दोन स्थळांपर्यंत केली तर २.४५, आणि तिथून एका स्थळापर्यंत २.५. पायरीपायरीने गेल्यामुळे संख्या चुकीच्या बाजूला सरकली. राज्य मंडळाच्या परीक्षेत ३५ टक्क्यांची उत्तीर्णतेची रेषा आहे. ३४.४६ चे आधी ३४.५ केले आणि मग ३५, तर रेषेखालचा विद्यार्थी वर येतो. एकदाच राउंड केले तर तो ३४ वर राहतो. वर ढकलायचे असेल तर त्यासाठी कृपागुणांचा नियम आहे. ते काम राउंड करण्याच्या रीतीकडून करून घेऊ नये.

आयकराच्या कायद्यात हा धोका ओळखून वाट काढली आहे, हे पाहून बरे वाटते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २८८अ मध्ये एकूण उत्पन्न जवळच्या दहा रुपयांपर्यंत राउंड करायला सांगितले होते. पण त्याआधी पैसे पूर्णपणे सोडून द्यायचे. उत्पन्न ५,४३,२१४ रुपये ९५ पैसे असेल, तर ५,४३,२१४ धरायचे आणि त्याचे ५,४३,२१० करायचे. पैसे आधी रुपयात राउंड केले असते तर २१५ झाले असते आणि तिथून २२०. पैसे छाटल्यामुळे दुहेरी राउंड टळते. छाटणे हे एरवी घातक, पण इथे अचूक कामाला आले.

राहता राहिला तो मधोमध बसलेला पाच. २.५ हे २ पासून जितके लांब, तितकेच ३ पासूनही. शाळेत त्याला नेहमी वर ढकलतात. शाळेपुरते ते ठीक आहे, पण सतत वर ढकलल्याने बेरीज फुगते. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची बेरीज ८. शाळेच्या नियमाने १, २, ३, ४ होतात आणि बेरीज १० वर जाते. म्हणून विज्ञानात आणि उद्योगात दुसरा संकेत पाळतात : नेमका मध्य आला तर जवळच्या सम अंकाकडे जायचे. मग ०, २, २, ४ मिळतात आणि बेरीज बरोबर ८. भारतीय मानकांमधले 'आयएस २' हे मानक केवळ संख्या राउंड करण्याच्या नियमांसाठी आहे. त्यात हाच सम अंकाचा नियम सांगितला आहे आणि राउंड एकाच टप्प्यात करावे हेही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रातही हाच संकेत आहे. दहावीपर्यंत एक नियम आणि अकरावीत दुसरा, यामुळे मुले गोंधळतात. संगणकाच्या तासाला पायथन शिकताना राउंडमध्ये २.५ घातले की २ येतात आणि ३.५ घातले की ४, तेव्हा तर यंत्र बिघडले असे वाटते. दोन्ही नियम माणसांनी ठरवलेले संकेत आहेत, आणि मोठ्या बेरजांमध्ये सम अंकाचा नियम अधिक न्याय्य आहे, हे आधी सांगितले तर गोंधळ होणार नाही.

कधीकधी मात्र जवळ-लांब पाहण्यात अर्थच नसतो. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत एक प्रश्न होता. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचे आहे, बस किती लागतील? भागाकार केला तर ३१ येतात आणि बाकी १२. सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर लिहिले '३१, बाकी १२', आणि १८ टक्क्यांनी ३१. बरोबर उत्तर ३२ आहे आणि ते लिहिले फक्त २३ टक्क्यांनी. ३१.३३ हे ३२ पेक्षा ३१ लाच जवळ आहे हे खरे, पण मग बारा सैनिक रस्त्यावर उभे राहतात. उलट, २५ मीटर कापडातून प्रत्येकी २.६ मीटरचे किती झब्बे बेततील, असे विचारले तर भागाकार ९.६ च्या वर जातो. इथे जवळची संख्या दहा, पण दहावा झब्बा कापडात बसत नाही, म्हणून नऊ. वर की खाली हे पुढचा अंक ठरवत नाही, ते बस आणि कापड ठरवते.

तिसरा प्रकार मोजमापांचा. खोलीची लांबी टेपने १२.३ मीटर भरली, रुंदी ८.७. गुणाकार १०७.०१ चौरस मीटर. वहीत असेच लिहिले जाते, पण त्यातला शेवटचा ०१ कुठून आला? टेप एका दशांश स्थळापर्यंतच वाचली आहे. खरी लांबी १२.२५ ते १२.३५ यांच्यामध्ये कुठेही असू शकते, रुंदी ८.६५ ते ८.७५ यांच्यामध्ये. सर्वांत कमी धरले तर क्षेत्रफळ १०५.९६ आणि सर्वांत जास्त धरले तर १०८.०६. दोन चौरस मीटरची अनिश्चितता असताना चौरस मीटरचा शंभरावा भाग लिहिणे म्हणजे न मोजलेले मोजले म्हणून सांगणे. इथे राउंड करणे हे सोयीसाठी नसून प्रामाणिकपणासाठी असते. सार्थ अंकांचा धडा अकरावीत येतो, पण त्यामागचा हा विचार सातवीच्या मुलालाही टेप हातात देऊन दाखवता येईल.

शून्याने संपणाऱ्या संख्येची अडचण याहून निराळी. १८५६ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने शिखर क्रमांक १५ ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर केली. या आकडेमोडीत राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. अशी हकीकत सांगितली जाते की, वेगवेगळ्या निरीक्षणांची सरासरी नेमकी २९,००० फूट आली होती, पण लोक तिला अंदाजे समजतील म्हणून वरचे दोन फूट जोडले गेले. हकीकतीचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी तिच्यातली अडचण अस्सल आहे. नुसते २९,००० लिहिले तर ती तीन शून्ये मोजून आली आहेत की राउंड करून, हे आकड्याकडे पाहून कळत नाही. म्हणूनच '५ मीटर' आणि '५.०० मीटर' यांत फरक धरतात. दुसऱ्यात सेंटिमीटरपर्यंत मोजल्याची ग्वाही आहे.

एवढे सगळे झाले तरी सुरुवातीलाच राउंड करण्याची एक जागा आहेच, आणि ती मुलांनी रोज वापरावी. गणित सोडवण्याआधी अंदाज बांधताना! ३९८ गुणिले ५२ करायचे असेल तर आधी मनात ४०० गुणिले ५०, म्हणजे वीस हजार. मग खरा गुणाकार करून २०,६९६ आले तर ठीक, २,०६९.६ आले तर दशांश चिन्ह कुठेतरी घसरले. हा अंदाज वहीच्या कडेला पेन्सिलीने लिहावा आणि मुख्य गणितात मिसळू देऊ नये.

कॅल्क्युलेटर असेल तर मधले अंक जपणे सोपे असते, उत्तर पुसायचे नाही आणि तिथूनच पुढे जायचे. मंडळाच्या परीक्षेत मात्र हाताने आकडेमोड असते आणि सात-आठ दशांश स्थळे वाहून नेण्यात वेळ जातो. त्यावर एनसीईआरटीच्या त्याच पुस्तकात चांगला तोडगा आहे : मधल्या पायऱ्यांत लागतात त्याहून एक अंक जास्त ठेवा. तिथले उदाहरण फार बोलके आहे. ९.५८ चा व्यस्त तीन सार्थ अंकांपर्यंत ०.१०४ येतो. ०.१०४ चा पुन्हा व्यस्त काढला तर मूळचे ९.५८ परत मिळायला हवेत, पण मिळतात ९.६२. तोच व्यस्त ०.१०४४ असा चार अंकी ठेवला तर ९.५८ बिनबोभाट परत येतात. तेव्हा उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत हवे असेल, तर वरच्या ओळींत तीन किंवा चार स्थळे चालू द्यावीत आणि अखेरच्या ओळीत दोन करावीत. त्या ओळीत बरोबरचे चिन्ह न घालता ≈ घालावे. प्रश्नपत्रिकेतही '√३ = १.७३' असे न छापता '√३ ≈ १.७३' असे छापायला हरकत नसावी.